‘हाड! हाड!’ : ऐरोलीतल्या एका घरातली रात्रीची मारहाण आणि तिचं निदान

पार्श्वभूमी

ऐरोलीतलं एक जोडपं. काका ६३ वर्षांचे, काकू साठीच्या उंबरठ्यावर. दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत गेली, प्लान्ट ऑपरेटर म्हणून, तिन्ही पाळ्यांत. आठवडा रात्रपाळीचा, मग दुपारची, मग सकाळची. घरात कुणालाच त्यांच्या झोपेचं नवल वाटत नसे. घोरणं, दचकणं, मध्येच काहीतरी बरळणं, सगळं ‘पाळीची झोप’ या एका खात्यात जमा व्हायचं.

निवृत्तीनंतर काका गप्प गप्प झाले. जेवणावरची वासना गेली, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरचं एसिटालोप्रॅम सुरू केलं आणि त्याचा चांगला गुण आला. काका पुन्हा सकाळी फिरायला जाऊ लागले, भजनात टाळ धरून बसू लागले. रक्तदाबासाठी दोन गोळ्या आधीपासून होत्याच.

समस्या

काकू गुडघा दाखवायला फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, “कपाटाचं दार लागलं.” डॉक्टरबाईंनी काकांना बीपी मोजायला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, “ते मारत नाहीत हो मला. झोपेत असतात. ‘हाड! हाड!’ करून ओरडतात आणि लाथा झाडतात. सकाळी त्यांना सांगितलं तर त्यांचंच तोंड एवढंसं होतं.”

मुलीला मात्र हे पटलेलं नव्हतं. ती डोंबिवलीला असते. गणपतीत माहेरी आली तेव्हा आईच्या दंडावरचे वळ तिने पाहिले होते आणि आईची सारवासारवही ऐकली होती. तिने वडिलांशी बोलणं टाकलं होतं. मावशीने वेगळा उपाय सांगितला होता: वाईट स्वप्नं पडतात ना, मग उशाशी लोखंड ठेवा. त्याप्रमाणे काकांच्या उशीखाली जुना अडकित्ता होता.

डॉक्टरबाईंनी त्यांना झोपेच्या तपासणीसाठी आमच्याकडे पाठवलं. हा अडकित्ता मला पहिल्याच भेटीत कळला, तोही काकूंनी सहज सांगितला म्हणून. स्वप्नात जो माणूस हात चालवतो, त्याच्या हाताशी धारदार लोखंड. बाकी निदान व्हायचं तेव्हा होवो, तो त्याच रात्री स्वयंपाकघराच्या खणात गेला पाहिजे, एवढं आम्ही लगेच सांगितलं.

पहिला निर्णय : हा हिंसाचार आहे का?

हा प्रश्न आम्ही बाजूला सारला नाही. झोपेच्या आजाराचं नाव पुढे करून खरी मारहाण झाकली जाऊ शकते, म्हणून काकूंशी, काकांशी आणि मुलीशी वेगवेगळं बोललो. काकूंना थेट विचारलं: दिवसा कधी हात उगारलाय का? पैशावरून, जेवणावरून? घरात भीती वाटते का?

उत्तरं एकमेकांशी जुळत गेली. प्रकार फक्त झोपेत, आणि बहुतेक वेळा पहाटे तीननंतर. डोळे मिटलेले. पलंगावरून उतरून चालत जाणं नाही. काकूंनी जोरात हाक मारली की काका लगेच भानावर येतात आणि स्वप्न सांगतात. स्वप्न बहुधा एकच: दुसरी पाळी संपवून सायकलवरून घरी येताना रबाळ्याच्या रस्त्यावर भटकी कुत्री मागे लागली आहेत. स्वप्नात काका कुत्र्याला लाथ मारतात आणि प्रत्यक्षात ती काकूंना बसते.

शेवटी मुलीने विचारलं, “मग इतकी वर्षं आईने सांगितलं का नाही?” याचं उत्तर काकूंनीच दिलं. लोक काय म्हणतील, ही भीती त्यांना माराहून मोठी होती.

रात्रीच्या वेळांना एवढं महत्त्व का

झोप म्हणजे मेंदू बंद, हा समज १९५३ मध्येच मागे पडला. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातल्या युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक काळाने डोळ्यांची बुबुळं मिटल्या पापण्यांआड झपाझप हलू लागतात. हीच रेम झोप. तिच्यात मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख जागेपणाच्या आलेखासारखा दिसतो आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. उरलेल्या झोपेचे तीन टप्पे: एन-१ म्हणजे पेंग, एन-२, ज्यात आलेखावर ‘स्पिंडल’ नावाच्या जलद लहरींचे छोटे झुबके आणि ‘के-कॉम्प्लेक्स’चे मोठे हेलकावे दिसतात, आणि एन-३ म्हणजे गाढ झोप, जिच्यात लहरी संथ आणि उंच होतात. साधारण दीड तासाचं एक चक्र, आणि रात्रीत अशी चार-पाच. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या तृतीयांशात असतो, रेम पहाटेकडे लांबत जाते.

म्हणून किती वाजता ओरडतात, हा प्रश्न निम्मं निदान करतो. झोपेत चालणं किंवा घाबरून किंचाळत उठणं हे गाढ झोपेतून, रात्रीच्या सुरुवातीला होतं. माणूस उठवला तरी गोंधळलेला असतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. काकांचं सगळं याच्या उलट होतं.

रेम झोपेत शरीर स्वप्नाप्रमाणे हलू नये याची सोय मेंदूने केलेली आहे. मेंदूच्या खोडातल्या काही पेशींच्या हुकुमावरून ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना गप्प करतात. श्वासपटल आणि डोळे चालू राहतात, हातपाय लुळे पडतात. फ्रान्समध्ये लियाँ इथे मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरं रेम झोपेत उठून हल्ल्याचा पवित्रा घेऊ लागली. माणसांतला हाच बिघाड अमेरिकेत मिनेसोटामध्ये कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये आजार म्हणून मांडला: रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, थोडक्यात आरबीडी. तो पन्नाशीनंतर जास्त आढळतो, आणि दवाखान्यात येणाऱ्यांत पुरुष बरेच जास्त असतात. एरवी शांत असलेला माणूस स्वप्नात मारामारी करतो आणि ती बहुतेकदा बचावाची असते, हेही या आजारात वारंवार दिसतं. काकांची कुत्री यात बरोब्बर बसत होती.

पण बरोब्बर बसतंय म्हणून तेच निदान, असं इथे करून चालणार नव्हतं.

समोरचे पर्याय

तीन शक्यता एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली, खरा आरबीडी. दुसरी, एसिटालोप्रॅमचा परिणाम: या गटातल्या नैराश्याच्या औषधांनी रेम झोपेतला स्नायूंचा लुळेपणा कमी होऊ शकतो, आणि काकांच्या लाथा औषध सुरू झाल्यानंतरच वाढल्या होत्या. तिसरी, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. काकांची मान जाड, घोरणं बाहेरच्या खोलीत ऐकू येणारं, दोन गोळ्यांवरही रक्तदाब वर. तीव्र अ‍ॅप्निया हुबेहूब आरबीडीसारखा दिसू शकतो, हे स्पेनमधल्या आलेक्स इरान्झो आणि जोआन सांतामारिया यांनी २००५ मध्ये दाखवलं. श्वास अडकला की मेंदू क्षणभर जागा होतो, त्या धडपडीत हातपाय झाडले जातात, स्वप्नंही वाईट पडतात. अशा रुग्णांचा श्वास सुरळीत केला की मारामारी थांबते.

घरच्यांना हवी होती गोळी. क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळीचं नाव त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. आरबीडीत ते अनेक वर्षं वापरलं जातं. पण अ‍ॅप्निया असेल तर हेच औषध घशाचे स्नायू आणखी सैल करतं आणि श्वास अडकल्यावर जागं होणं लांबवतं. लाथा थांबल्या असत्या, घर खूश झालं असतं आणि काकांचा ऑक्सिजन रात्रभर अधिक खाली जात राहिला असता. म्हणून घोरणाऱ्या माणसाला तपासणीशिवाय ही गोळी द्यायची नाही, यावर आम्ही ठाम राहिलो.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग होता एसिटालोप्रॅम बंद करण्याचा. मुलीने तर उद्यापासून बंद करू का, असं विचारलंही. ते झटक्यात थांबवलं तर दाबलेली रेम झोप उसळून येते आणि स्वप्नं आणखी भडक होतात. शिवाय ज्या औषधाने माणूस भिंतीकडून वळून पुन्हा घरात आला, ते काढून घेण्याची किंमत कोण मोजणार? मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरलं की तूर्त डोस आहे तोच ठेवायचा.

इथे काकूंच्या एका वाक्याने फार मदत केली. झोपेत हात उडणं आणि बोलणं नातवाच्या बारशाच्या सुमारास सुरू झालं होतं, आणि नातू आता दुसरीत आहे. म्हणजे औषधाच्या बरंच आधी. औषधाने प्रकार वाढला असेल, पण जन्माला घातला नव्हता.

पुढचा निर्णय तपासणीचा. घरी नेऊन लावायचं छोटं यंत्र स्वस्त पडतं. त्यात श्वास, ऑक्सिजन, घोरणं कळतं; पण नेहमीच्या अशा यंत्रात मेंदूचा आलेख नसतो आणि स्नायूंचाही नसतो. त्यातून अ‍ॅप्निया सापडला असता आणि सगळे तिथेच थांबले असते. म्हणून खर्च जास्त असूनही लॅबमधली पूर्ण रात्रीची, व्हिडिओसह तपासणी सुचवली. हनुवटी आणि पायांबरोबर दोन्ही हातांवरही इलेक्ट्रोड लावायला सांगितले, कारण आरबीडीच्या हालचाली पुष्कळदा हातांतच आधी दिसतात.

तपासणीच्या दोन रात्री

पहिल्या रात्री अ‍ॅप्निया उघड झाला. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडकत किंवा उथळ होत होता (३० च्या वर तीव्र समजतात) आणि ऑक्सिजन ८१ टक्क्यांपर्यंत खाली येत होता. रेममध्ये हातपायही झाडले जात होते. पण जवळजवळ प्रत्येक झटक्याच्या आधी अडकलेला श्वास होता. या एका रात्रीवरून आरबीडी आहे असंही म्हणता येत नव्हतं आणि नाही असंही.

म्हणून दुसरी रात्र सीपॅप लावून, सगळ्या तारा तशाच ठेवून. सीपॅप म्हणजे मास्कमधून हवेचा सततचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. टेक्निशियनने दाब हळूहळू वाढवत ९ सेंटिमीटरवर (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) आणला, तेव्हा घोरणं थांबलं. पहाटे चारच्या पुढे रेमचा लांब टप्पा आला. पडद्यावर श्वासाची रेघ एकसारखी, ऑक्सिजन ९५, डोळ्यांच्या रेघा तिरप्या धावताहेत. अशा वेळी हनुवटीच्या स्नायूची रेघ जवळपास सपाट हवी. ती जाड होती, काटेरी. व्हिडिओत काकांची उजवी मूठ वळली, हात कोपरातून वर आला, मास्कच्या आतून दबका ‘हाड!’ ऐकू आला आणि पाय चादरीसकट पलंगाच्या कठड्यावर आदळला. टेक्निशियनने नावाने हाक मारली. काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “कंपनीच्या गेटपाशी होती. तीन होती.”

श्वास मोकळा असतानाही रेममधला लुळेपणा नाही आणि स्वप्न हातापायांत उतरतंय. निदान दोन्हीचं झालं: तीव्र अ‍ॅप्निया, आणि त्याच्यासोबत खराखुरा आरबीडी.

उपचार

क्रम असा ठरला: आधी खोली, मग श्वास, मग गोळी.

वन बीएचकेमध्ये सुरक्षित खोली करणं हे बोलायला सोपं आहे. काकूंनी वेगळ्या खोलीत झोपायला साफ नकार दिला. “रात्री यांचा श्वास अडकला तर मला कळणार कसं?” त्यांच्या शंकेत तथ्य होतं, इतकी वर्षं त्यांनीच त्यांना हलवून हलवून श्वास घ्यायला लावला होता. मग काकांची गादी खाली जमिनीवर, काकूंचा दिवाण समोरच्या भिंतीला. काचेचा टीपॉय बाहेर, लोखंडी कपाटाच्या कोपऱ्याला जुनी रजई बांधलेली, उशापासचा तांब्या लांब.

सीपॅपला काकांनी सुरुवातीला दाद दिली नाही. मास्कच्या कडेने हवा सुटायची आणि डोळ्यांवर येऊन ते जागे व्हायचे. मास्कचा आकार बदलून घेतला, दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसायची सवय केली, तेव्हा हळूहळू जमलं. काकांनीच नंतर सांगितलं की सकाळी उठल्यावर डोकं जड वाटत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षांत पहिल्यांदा जाणवलं.

सीपॅप रुळल्यावर लाथा कमी झाल्या, गेल्या नाहीत. तेव्हा मेलाटोनिन सुरू केलं, झोपण्याआधी ३ मिलिग्रॅम, पुढे ६. अ‍ॅप्निया असलेल्या वयस्कर माणसात त्याचा धोका क्लोनाझेपामपेक्षा कमी, म्हणून ते आधी. दरम्यान मानसोपचारतज्ज्ञांनी मन स्थिर आहे याची खात्री करून एसिटालोप्रॅम टप्प्याटप्प्याने कमी केलं आणि त्या जागी नैराश्यावरचंच दुसरं औषध, बुप्रोपिऑन, आणलं. आरबीडी वाढवण्याबाबत त्याच्यावर कमी ठपका आहे.

सर्वांत अवघड निर्णय : किती सांगायचं?

आरबीडी पुष्कळदा पुढच्या आजाराची चाहूल असतो. पार्किन्सन्स, लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आणि क्वचित मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या आजारांत मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन साचतं, आणि मेंदूच्या खोडातला झोपेचा हा भाग त्याच्या तडाख्यात लवकर येतो. काकांच्या इतिहासात आणखी दोन खुणा होत्या. गॅसवरचं दूध करपलं तरी त्यांना वास येत नसे. केमिकलमध्ये आयुष्य गेलं म्हणून नाक मेलं, असं घरात धरून चालले होते. आणि इसबगोलाशिवाय पोट साफ होत नसे, तेही वर्षानुवर्षं. या दोन्ही गोष्टी नुसत्या वयाने किंवा कामामुळेही होऊ शकतात. आरबीडीसोबत त्यांचं वजन वाढतं. मेंदूविकारतज्ज्ञांच्या तपासणीत हातापायांचा कडकपणा, कंप, चालीतला मंदपणा यांतलं काहीच सापडलं नाही.

मुलगी आम्हाला जिन्यात भेटली. म्हणाली, “बाबांना हे सांगू नका. आत्ताच कुठे सावरलेत.” तिची भीती खोटी नव्हती. नैराश्यातून उठलेल्या माणसाच्या हातात असा कागद द्यायचा, ज्यावर आजार टाळण्याचा सिद्ध उपाय एकही लिहिलेला नाही.

तरी सांगायचं की नाही हे मुलीने ठरवायचं नव्हतं आणि आम्हीही नाही. काकांना विचारलं: “या आजाराबद्दल पुढच्या काळातलंही काही कळतं. तुम्हाला ते आत्ता ऐकायचंय, नंतर, की नकोच?” काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कंपनीत आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचे, गॅस सुटला तर कुठल्या दिशेला पळायचं. तसं सांगा.” काकू मात्र उठून बाहेर जाऊन बसल्या. त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि तेही आम्ही मानलं.

आधी आकडा न घालता सांगितलं: बऱ्याच जणांना पुढे असा आजार होतो, सगळ्यांना होत नाही, तुम्हाला होईल का आणि कधी हे कुणी सांगू शकत नाही. काकांनी आकडा मागितला, तेव्हा तोही दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २४ केंद्रांतल्या १२८० रुग्णांच्या अभ्यासात दरवर्षी साधारण ६ टक्के लोकांना असा आजार जडला आणि १२ वर्षांच्या अखेरीस हे प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास गेलं. सोबत हेही सांगितलं की हे रुग्ण झोपेच्या मोठ्या केंद्रांपर्यंत पोचलेले होते, सरसकट सगळ्यांचा हा हिशेब नाही. नियमित व्यायाम, वर्षातून एकदा मेंदूविकारतज्ज्ञांची भेट, आणि मनाची पडझड पुन्हा जाणवली तर लगेच कळवायचं. मानसोपचारतज्ज्ञांची पुढची भेट मुद्दाम त्याच आठवड्यात ठेवली होती.

परिणाम

वर्षभरानंतर: सीपॅप बहुतेक रात्री पाच तासांच्या वर वापरलं जातंय. काकूंना त्यानंतर एकही मार बसलेला नाही. ओरडणं अधूनमधून असतं. रक्तदाबाची एक गोळी अर्ध्यावर आली. मन स्थिर आहे, टाळ चालू आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांच्या तपासणीत बदल नाही.

मुलीला काकांच्या परवानगीने दुसऱ्या रात्रीचा व्हिडिओ दाखवला. ती काहीच बोलली नाही. पुढच्या भेटीला वडिलांना घेऊन तीच आली.

काय वेगळं करता आलं असतं

मोबाइलवरचा व्हिडिओ. घरात तीन स्मार्टफोन होते आणि काकूंच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता. अशा दोन-तीन रात्रींचं चित्रण आधी झालं असतं तर मुलीचा गैरसमज लवकर मिटला असता आणि आम्हालाही दिशा मिळाली असती. निदान त्याने होत नाही, संशय मात्र पक्का होतो.

नैराश्याचं औषध सुरू होण्याआधीचा प्रश्न. “स्वप्नात असल्यासारखे हातपाय मारता, ओरडता, असं कुणी सांगितलंय का?” एवढं एक वाक्य, आणि ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारलेलं. काकांना विचारून उपयोग नव्हता. स्वतःचं घोरणं आणि स्वतःच्या लाथा त्यांना काकूंनी सांगितल्याशिवाय कळतच नव्हत्या. रक्तदाबाच्या इतक्या वर्षांच्या भेटींत काकू बहुतेक वेळा सोबत असायच्या. त्यांना एकदा विचारलं असतं तर अ‍ॅप्निया तेव्हाच हाती लागला असता.

एकच रात्र पुरली असती का? रात्रीच्या पूर्वार्धात तपासणी आणि उत्तरार्धात सीपॅप, अशी विभागलेली रात्र इथे शक्य होती. रेम पहाटेच लांबते, म्हणजे सीपॅपखालचा रेम त्याच रात्री मिळाला असता आणि एका रात्रीचा खर्च वाचला असता. उलट बाजू अशी की दाब ठरवण्यातच उत्तरार्ध गेला असता तर स्वच्छ रेम हाती लागला नसता, आणि दुसरी रात्र करावीच लागली असती. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या घरापुढे हे दोन्ही पर्याय आकड्यांसकट ठेवायला हवेत.

सांगण्याची वेळ. निदान आणि भविष्यातला धोका काकांनी एकाच बैठकीत ऐकला. त्यांना ते पेललं. पण सीपॅप रुळेपर्यंत, दोन महिने थांबून, आधी झोप सुधारल्याचा अनुभव घेऊ द्यायचा आणि मग विचारायचं, हाही मार्ग होता. आमच्यातच यावर दोन मतं आहेत. माझं मत, निदान झाल्यावर नाही, तर तपासणीच्या आधीच विचारून ठेवावं: यातून पुढचं काही कळलं तर तुम्हाला ते जाणून घ्यायचं आहे का? अहवाल हातात आल्यावर हा प्रश्न विचारला की माणसाला अर्धं उत्तर आमच्या चेहऱ्यावरच वाचता येतं.

क्लोनाझेपामचा पर्याय अजून राखून ठेवला आहे. सीपॅप नियमित असूनही लाथा पुन्हा वाढल्या, तर अगदी लहान डोसने, तोल आणि स्मरणशक्ती तपासत तो वापरता येईल. काकूंनी गेल्या भेटीत विचारलं, पुन्हा एका पलंगावर झोपलं तर चालेल का. आम्ही अजून सहा महिने थांबायला सांगितलं आहे.